वायफाय कॉलिंग घरच्या राउटरवर चालत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीत ‘येता-जाता तेवढं नेटचं बघून जा’ हा निरोप बरीच वर्षे माझ्याकडे येत आला आहे, आणि हल्ली त्यातले निम्मे निरोप वायफाय कॉलिंगचे असतात. तक्रार कोणतीही असो, तिच्यावरचा उपाय घरातल्यांनी आधीच ठरवलेला असतो, तो म्हणजे नवा राउटर आणणे. माझा अनुभव असा की नवा राउटर आणूनही तक्रार बहुधा तशीच राहते, कारण दोष फोनमध्ये आहे, राउटरमध्ये आहे की इमारतीबाहेरच्या लाइनमध्ये, हे कोणी तपासलेलेच नसते. पुढील उत्तरे या तपासणीच्या क्रमानेच लिहिली आहेत.

वायफाय कॉलिंग म्हणजे नेमके काय? व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन करण्यापेक्षा ते वेगळे कसे?

व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल त्या अ‍ॅपच्या मालकीचा असतो. दोन्ही बाजूंना ते अ‍ॅप लागते. वायफाय कॉलिंगमध्ये मात्र तुमचा नेहमीचा मोबाइल क्रमांक, नेहमीचा डायलर आणि नेहमीचीच मोबाइल कंपनी असते, फक्त फोनपासून कंपनीपर्यंतचा रस्ता टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून जातो. समोरच्याच्या घरी लँडलाइन असली तरी फोन लागतो. एअरटेलने ही सेवा डिसेंबर २०१९ मध्ये आणली, जिओने जानेवारी २०२० मध्ये, आणि व्हीआयने डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र-गोवा आणि कोलकाता येथून सुरुवात केली. एअरटेलची सेवा अगदी सुरुवातीला त्यांच्याच ब्रॉडबँडवर चालत असे. त्यामुळे ‘त्याच कंपनीचे नेट लागते’ हा समज अजून टिकून आहे. आता तसे बंधन नाही, केबलवाल्याचे नेटही चालते.

आतली रचना थोडी समजून घेतली, तर पुढचे सगळे सोपे जाते. फोन इंटरनेटवरून मोबाइल कंपनीच्या एका प्रवेशद्वाराशी, ज्याला ईपीडीजी म्हणतात, संपर्क साधतो, सिमच्या आधारे स्वतःची ओळख पटवतो आणि दोघांमध्ये आयपीसेक पद्धतीचा कूटबद्ध बोगदा तयार होतो. नोंदणी, घंटी, आवाज हे सगळे त्या बोगद्यातूनच जाते. कात्रजच्या बोगद्यातून जाणाऱ्या एसटीत कोण बसले आहे हे जसे डोंगराला कळत नाही, तसेच आत कोणाचे काय बोलणे चालले आहे हे राउटरला कळत नाही. त्याला फक्त काही पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, ये-जा करताना दिसतात.

वायफाय कॉलिंग खरोखर सुरू आहे, हे कसे ओळखावे?

काही फोन वरच्या पट्टीत वायफाय कॉलिंगचे चिन्ह दाखवतात, काही कंपनीच्या नावापुढे ‘वायफाय’ असे लिहितात, तर काही फोन कॉल चालू असतानाच सांगतात. चिन्हावर विसंबण्यापेक्षा एक खात्रीची चाचणी करावी. एअरप्लेन मोड सुरू करावा, म्हणजे टॉवरशी संबंध तुटेल. मग त्यातच वायफाय पुन्हा सुरू करून मिनिटभर थांबावे आणि घरातल्याच दुसऱ्या क्रमांकावर साधा फोन लावावा. फोन लागला, तर वायफाय कॉलिंग चालू आहे. लगेच उलट बाजूनेही फोन करून पाहावा, कारण जाणारा फोन लागतो आणि येणारा वाजत नाही, ही स्वतंत्र तक्रार आहे व तिचे उत्तर पुढे दिले आहे.

टॉवरची रेंज भरपूर असताना चिन्ह न दिसणे हा दोष असेलच असे नाही. अनेक फोनमध्ये ‘मोबाइल नेटवर्कला प्राधान्य’ आणि ‘वायफायला प्राधान्य’ असे दोन पर्याय असतात. पहिला निवडलेला असेल, तर रेंज पुरती जाईपर्यंत फोन वायफायकडे वळतच नाही.

दोष फोनचा, राउटरचा की लाइनचा, हे घरच्या घरी कसे ठरवावे?

या पानावरचे हे सर्वांत उपयोगी उत्तर आहे. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर, शक्यतो वेगळ्या कंपनीचे सिम असलेल्या, मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट सुरू करावा. घरात रेंज नसेल तर त्यासाठी गच्चीवर किंवा गॅलरीत जावे. आपला फोन एअरप्लेन मोडमध्ये ठेवून त्या हॉटस्पॉटला जोडावा आणि वरची चाचणी पुन्हा करावी. येथे फोन लागला आणि घरच्या वायफायवर लागत नाही, तर फोन व सिम निर्दोष आहेत. दोष राउटरमध्ये किंवा लाइनमध्ये आहे. येथेही लागत नसेल, तर राउटरला हात लावू नये. फोनचे सेटिंग, सिम किंवा मोबाइल कंपनीकडची नोंद यांपैकी एकाचा तो प्रश्न आहे.

राउटर आणि लाइन यांतला दोष वेगळा काढण्यासाठी शेजाऱ्यांची मदत होते. एकाच केबलवाल्याचे नेट पण वेगळा राउटर, अशा घरी आपला फोन जोडून पाहावा. तिथे सुरळीत चालला, तर आपला राउटर संशयित. तिथेही नाही, तर केबलवाल्याशी बोलायचे.

फोनमध्ये वायफाय कॉलिंगचा पर्यायच दिसत नाही.

आधी पर्याय योग्य ठिकाणी शोधला आहे का ते पाहावे. अँड्रॉइडवर तो सहसा नेटवर्क आणि इंटरनेट या भागात सिमच्या नावाखाली असतो, सॅमसंगवर कनेक्शन्समध्ये, आणि आयफोनवर मोबाइल किंवा सेल्युलर या भागात. दोन सिम असल्यास प्रत्येक सिमसाठी तो स्वतंत्रपणे सुरू करावा लागतो. एकाचा सुरू आणि ज्या क्रमांकावर फोन येतात त्याचाच बंद, असे मी अनेकदा पाहिले आहे.

पर्याय मुळातच नसेल, तर फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या कंपनीसाठीची जुळवणी नाही असे समजावे. पुण्यात हे विशेष आढळते, कारण अनेक घरांत आईवडिलांचा फोन अमेरिकेतल्या मुलाने किंवा मुलीने पाठवलेला असतो आणि परदेशी बाजारासाठी बनलेल्या काही फोनमध्ये भारतीय कंपन्यांसाठीची जुळवणी नसते. सॉफ्टवेअर अद्ययावत करून एकदा पाहावे. त्याने आले नाही, तर राउटर बदलून ते येणार नाही.

पर्याय सुरू आहे, यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप उत्तम चालतात, पण घरच्या वायफायवर नोंदणीच होत नाही. असे का?

कारण यूट्यूब चालण्यासाठी जे लागते, त्याहून थोडे वेगळे या बोगद्याला लागते. फोनपासून बाहेर यूडीपीच्या, म्हणजे पोच न मागता पाकिटे पाठवण्याच्या पद्धतीच्या, ५०० आणि ४५०० या दोन पोर्टांवर, म्हणजे क्रमांकित दारांवर, वाट मोकळी असावी लागते. घरगुती राउटर सहसा बाहेर जाणारे काही अडवत नाहीत, पण फायरवॉल ‘उच्च’ पातळीवर ठेवलेली असेल किंवा मुलांसाठी पालक-नियंत्रण लावलेले असेल, तर ही पोर्टे बंद होऊ शकतात. हे सारे तात्पुरते काढून, फोन एकदा बंद-चालू करून पाहावे.

दुसरे कारण डीएनएसचे, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचे. प्रवेशद्वाराचा पत्ता फोन डीएनएसला विचारतो, आणि त्यासाठी विचारायचे नाव कंपनीच्या सांकेतिक क्रमांकांवरून बनलेले, लांबलचक असते. जाहिराती अडवणारे डीएनएस किंवा फोनमधले ‘प्रायव्हेट डीएनएस’ त्या नावाला उत्तर देत नसेल, तर नोंदणी तिथेच अडते. राउटरवरच व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून नेट फिरवून आणणारी सेवा, चढवलेले असेल, तर कंपनीला तुम्ही परदेशातून बोलत आहात असे दिसू शकते आणि ती नकार देऊ शकते.

तिसरे कारण सर्वांत चकवणारे आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. एका पाकिटात किती बाइट मावतात याची मर्यादा, म्हणजे एमटीयू, साध्या इथरनेटवर १५०० असते. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडल्या जाणाऱ्या पीपीपीओई लाइनवर, आणि पुण्यातल्या केबलवाल्यांच्या बऱ्याच लाइनी अशा आहेत, ८ बाइट त्या पद्धतीच्या आवरणात जातात आणि १४९२ उरतात. बोगदा उभारताना प्रवेशद्वार फोनला आपली प्रमाणपत्रे दाखवते. ती पाकिटे मोठी असतात, त्यांचे तुकडे होतात, आणि काही राउटर किंवा लाइनवरची यंत्रे तुकडे सरळ टाकून देतात. संकेतस्थळे मात्र व्यवस्थित उघडतात, कारण संकेतस्थळे सहसा वापरतात त्या टीसीपी पद्धतीच्या जोडणीत राउटर पाकिटाचा आकार आधीच कमी करून घेतो आणि यूडीपीला ही सोय नाही. म्हणून ‘नेट तर झकास चालतंय’ हे वाक्य या दोषाच्या विरुद्धचा पुरावा ठरत नाही. राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, विभागात एमटीयू १५०० लिहिलेला असेल तर पीपीपीओईसाठी तो १४९२ करावा; तरीही नोंदणी झाली नाही, तर १४६० आणि शेवटी १४०० ठेवून पाहावे. ‘फ्रॅगमेंट’ अडवण्याचा काही पर्याय असल्यास तो बंद करावा.

याखेरीज फोनची तारीख-वेळ स्वयंचलित ठेवावी, आणि अर्धवट चालणारे आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्यांची नवी पद्धत, राउटरवर काही काळ बंद करून फरक पडतो का ते पाहावे.

पोर्ट फॉरवर्ड करायचे का? सिप एएलजी बंद करायचे का?

पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून येणारी पाकिटे घरातल्या एका ठराविक यंत्राकडे वळवणे, करू नये. बोलणे नेहमी फोन सुरू करतो, बाहेरून कोणी दार ठोठावत नाही. शिवाय एखादे पोर्ट एकाच फोनकडे वळवता येते, त्यामुळे घरातल्या बाकीच्यांचे चालणारे वायफाय कॉलिंगही बिघडू शकते.

सिप ही इंटरनेटवरचे फोन जोडून देणारी पद्धत आणि एएलजी हा तिच्या पाकिटांत हात घालणारा राउटरचा पर्याय; तो बंद करण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. टेबलावर ठेवायच्या इंटरनेट फोनसाठी तो योग्यही आहे. वायफाय कॉलिंगचे सिप मात्र बोगद्याच्या आत असते, राउटरला ते दिसतच नाही, त्यामुळे तो पर्याय चालू-बंद केल्याने फरक पडत नाही. मी स्वतः या पर्यायामागे एक अख्खा रविवार घालवला आहे.

फोन लागतो, पण आवाज तुटतो किंवा पाण्याखालून आल्यासारखा येतो.

नेटचा वेग वाढवून हे जात नाही. एका कॉलला सर्व आवरणांसह १०० किलोबिटपेक्षाही कमी जागा लागते. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ती जागा कधीच कमी पडत नाही. आवाजाला हवी असते वेळेवर येणारी पाकिटे. एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोहोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा वेळ सहसा जाणवत नाही. त्यापुढे दोघे एकाच वेळी बोलू लागतात.

पहिला संशय वायफायच्या ताकदीवर घ्यावा. बोलण्यासाठी सिग्नल उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला असावा, म्हणजे उणे ६० चांगला आणि उणे ८० वाईट. वायफाय मोजणारे कोणतेही साधे अ‍ॅप हा आकडा दाखवते. आमच्याच घरचे उदाहरण देतो. फ्लॅट ताब्यात आला तेव्हा मुख्य दाराच्या मागे, भिंतीत बसवलेली लोखंडी झाकणाची पेटी होती, त्यात फायबरची तार आली होती, आणि जोडणाऱ्या मुलाने राउटर त्याच पेटीत ठेवून झाकण लावून दिले होते. दिसायला फार नीटनेटके. शेवटच्या खोलीत आईचा फोन मात्र उणे ८० च्या आसपास असायचा आणि ती प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची. राउटर पेटीबाहेर काढून दाराच्या चौकटीच्या वर, लाकडी फळीवर ठेवला, तेवढ्यानेच आकडा साठीत आला. टीव्हीच्या मागे, फिशटँकजवळ किंवा चपलांच्या कपाटात ठेवलेल्या राउटरचीही हीच कथा असते.

भिंतींचाही विचार करावा. कसबा किंवा सदाशिव पेठेतल्या वाड्यांच्या दगड-विटांच्या जाड भिंती, आणि अलीकडच्या उंच इमारतींतल्या सर्व बाजूंनी सळया घालून ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, म्हणजे ज्यांना सगळे ‘मायवन’चे बांधकाम म्हणतात त्या, या दोन्ही टॉवरची रेंजही अडवतात आणि वायफायही. म्हणूनच अशा घरांत वायफाय कॉलिंगची गरज सर्वांत जास्त, आणि अडचणही. स्वस्त रिपीटर मी सुचवत नाही. तो आलेला कमकुवत सिग्नलच पुढे ढकलतो. आतल्या खोलीपर्यंत लॅनची तार ओढून तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे यंत्र, बसवणे हा खरा उपाय आहे. भिंत फोडायची नसेल, तर मेश, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या यंत्रांचा संच.

दुसरा संशय अपलोडवर. रात्री दहा वाजता घरातला एखादा फोन दिवसभराचे फोटो ढगात चढवू लागतो, राउटरमध्ये पाकिटांची रांग लागते आणि आवाजाची पाकिटे त्या रांगेत उभी राहतात. त्या वेळी पिंग, म्हणजे पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, लावून ठेवले, तर २० मिलिसेकंदांचा आकडा शेकड्यांत गेलेला दिसतो. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे वेग वाटून देण्याचा पर्याय, असेल, तर अपलोडची मर्यादा लाइनच्या प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवावी, म्हणजे रांग लागत नाही. डब्ल्यूएमएम हा पर्याय कधीही बंद करू नये. आवाजाला हवेत प्राधान्य तोच देतो.

२.४ गिगाहर्ट्‌झवर शेजारपाजारच्या वीस राउटरांची गर्दी असेल, तर जवळच्या खोल्यांत ५ गिगाहर्ट्‌झ वापरावे, आणि २.४ वर राहायचे झाल्यास १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनेल घ्यावा.

मला फोन लावता येतो, पण मला आलेला फोन वाजत नाही. नंतर मिस्ड कॉलचा मेसेज येतो.

फोनने बाहेर संपर्क साधला की राउटर ‘हे उत्तर या फोनचे’ अशी नोंद करून ठेवतो आणि काही काळ शांतता राहिली की ती पुसतो. नोंद जिवंत राहावी म्हणून फोन अधूनमधून एक छोटे पाकीट पाठवतो. राउटर फार उतावीळ असेल किंवा बॅटरी बचतीमुळे फोन गाढ झोपला असेल, तर नोंद पुसली जाते आणि येणाऱ्या घंटीला घर सापडत नाही. यूडीपीची ही नोंद किमान २ मिनिटे टिकावी आणि शक्यतो ५ मिनिटे टिकावी, अशी इंटरनेटची तांत्रिक शिफारस आहे. राउटरमध्ये यूडीपी टाइमआउट बदलता येत असेल, तर तो ३०० सेकंद करावा. फोनमध्ये बॅटरी बचत बंद करावी आणि स्क्रीन बंद झाल्यावर वायफाय बंद होत नाही ना, ते पाहावे.

बोलत बोलत जिन्यात किंवा पार्किंगमध्ये गेले की फोन कट होतो.

चालू कॉल वायफायवरून टॉवरवर न्यायचा, तर फोनमध्ये व्होल्टे, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, सुरू असावे लागते आणि दाराबाहेर ४जीची बरी रेंज असावी लागते. तळघरातल्या पार्किंगमध्ये दोन्ही नसतात, तिथे राउटर काही करू शकत नाही. घरातच कट होत असेल आणि मेश असेल, तर दोन यंत्रांच्या सीमेवर फोन घुटमळतो आहे का ते पाहावे.

केबलवाल्याचा एक राउटर आणि माझा एक, असे दोन असले तर?

बहुधा चालते. अडचण आलीच, तर आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवावा किंवा केबलवाल्याला त्याचे यंत्र ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचे काम न करता नुसता जोडणारा पूल म्हणून, करायला सांगावे.

लाइट गेल्यावर काय करावे?

पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या दुरुस्तीचा वार, त्यामुळे हा प्रश्न मला बहुधा शुक्रवारी विचारला जातो. राउटर आणि फायबरचे छोटे यंत्र, दोन्हींना वीज लागते. एकच इन्व्हर्टरवर असून उपयोग नाही. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठीचे छोटे यूपीएस बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. नेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर लिहून न्यावेत आणि पिनही जुळवून घ्यावी.

इतके करूनही नेट जात असेल, तर गच्चीवर किंवा डक्टमध्ये केबलवाल्याची पेटी शोधावी. घरापर्यंत थेट फायबर असेल, तर मधल्या विभाजकाला वीज लागत नाही. गच्चीवरच्या स्विचपासून घरात लॅनची तार येत असेल, तर त्या स्विचला लागते, आणि तो सोसायटीच्या अशा मीटरवर असतो ज्याला जनरेटरची जोड नसते. हा विषय कमिटीच्या बैठकीत मांडावा लागतो.

यासाठी वेगळे पैसे पडतात का? ओटीपी येतो का? ११२ लागतो का?

वेगळे पैसे पडत नाहीत. कॉल नेहमीच्या प्लॅनमध्येच मोजला जातो. ओटीपीसाठी एअरप्लेन मोडच्या चाचणीतच कोणाला तरी साधा एसएमएस पाठवायला सांगावा. तो आला तर ओटीपीही येईल. ११२ साठी फोन शक्यतो टॉवरच शोधतो, आपल्या कंपनीचा नसेल तर दुसऱ्या कंपनीचाही. कॉल वायफायवरून गेला, तर टॉवरवरून ठिकाण कळत नाही, म्हणून पत्ता आणि मजला सर्वांत आधी सांगावा.

केबलवाल्याकडे तक्रार नेमक्या कोणत्या शब्दांत करावी?

‘वायफाय कॉलिंग चालत नाही’ असे सांगितले, की ‘ते मोबाइल कंपनीला विचारा’ हे उत्तर तयार असते. त्याऐवजी असे सांगावे की हाच फोन दुसऱ्या हॉटस्पॉटवर चालतो, तुमच्या लाइनवर चालत नाही. यूडीपी ५०० आणि ४५०० मोकळी आहेत का आणि पाकिटांचे तुकडे टाकले जात आहेत का, ते पाहा. दोष मोबाइल कंपनीचा ठरला, तर तिच्या ग्राहक सेवा केंद्राकडून तक्रार क्रमांक घ्यावा. त्यावर समाधान झाले नाही, तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि तिथे तो क्रमांक लागतो.

शेवटी राउटर रीसेट करून टाकू का?

फर्मवेअर अद्ययावत करावे, आणि रीसेटही करायला हरकत नाही. मात्र मागच्या छिद्रात टाचणी घालण्यापूर्वी पीपीपीओईचा युजरनेम व पासवर्ड कागदावर उतरवून ठेवावा आणि सेटिंगच्या पानांचे फोटो काढावेत. हे न करता रीसेट केले, तर असलेले नेटही जाते आणि केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत वाट पाहावी लागते. तो ‘अर्ध्या तासात आलोच’ म्हणतो.